शाहूपुरीतलं माडीवरचं वाचनालय: काफ्का, जीए आणि शनिवारची बैठक

शाहूपुरीत एका जुन्या इमारतीच्या माडीवर पुस्तकं भाड्यानं देणारं एक छोटं वाचनालय आहे. बाहेर पाटी नाही, येणारेजाणारे सगळे त्याला नुसतं ‘माडीवरचं’ म्हणतात म्हणून मीही तेच लिहितोय. डिपॉझिट ५०० रुपये, महिन्याला १५०, एका वेळी एकच पुस्तक, आणि महिन्यातून दोन शनिवारी संध्याकाळी कथेची बैठक, तिला वेगळे पैसे नाहीत. पुस्तकांचा साठा मोठा नाही, ते आधीच सांगतो. कादंबऱ्या, ऐतिहासिक, चरित्रं, पाककृती असलं सगळं पाहिजे असेल तर आपलं करवीर नगर वाचन मंदिर आहे की, १८५० पासूनचं, तिथं जावा. पण एकटं पडलेल्या माणसाच्या, कशाचा कशाला मेळ नसलेल्या जगाच्या ज्या कथा विसाव्या शतकात लिहिल्या गेल्या, म्हणजे काफ्का, काम्यू, मॅन्सफिल्ड, मंटो आणि आपल्याकडचे जीए (जी. ए. कुलकर्णी), गाडगीळ, सारंग, त्या नीट ओळीनं वाचायच्या असतील तर कोल्हापुरात मला याच्याइतकी चांगली सोय दुसरी दिसलेली नाही. पाचपैकी साडेचार. अर्धा कुठं कापला ते खाली लिहिलंय.

आधी पद्धत सांगतो कारण खरी गंमत पद्धतीतच आहे. वाचनालय चालवणारे काका (नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही) तुम्हाला पुस्तक देताना आत पेन्सिलनं लिहिलेलं एक कार्ड घालून देतात, त्यावर कुठली कथा आधी वाचायची आणि कुठली मागनं ते लिहिलेलं असतं, आणि पुस्तकाच्या सुरवातीची प्रस्तावना असते ना, ती पानं त्यांनी रबर लावून बंद केलेली असतात. सगळ्या कथा वाचून झाल्या की रबर काढायचं. मला हे फार पटलंय. आपल्याकडं अशा पुस्तकांना चाळीस-चाळीस पानांच्या प्रस्तावना असतात आणि माणूस कथा वाचायच्या आधीच घाबरतो, त्याला वाटतं हे कळायला अस्तित्ववाद का काय तो आधी शिकावा लागणार, मग तो पुस्तक परत करतो आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही. एका ठिकाणी मात्र मी काकांशी भांडलो. मंटोची ‘टोबा टेकसिंग’ (१९५५) देताना फाळणीबद्दलचं एक पान तरी आधी वाचू द्यावं असं माझं मत आहे, कारण आजच्या कॉलेजच्या पोराला फाळणी म्हणजे नुसती तारीख माहिती असते, आणि वेड्यांच्या इस्पितळातला तो बिशनसिंग आपलं गाव नक्की कुठल्या देशात गेलं हे ज्याला त्याला विचारत फिरतो ते काळजात घुसायला त्या वेळी खरोखर कुणालाच काही सांगता येत नव्हतं हे माहिती पाहिजे. काका म्हणाले कथा स्वतःच सांगते की सगळं. आमचं यावर अजून मिटलेलं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे कव्हर. इथली सगळी पुस्तकं खाकी कागदाचं कव्हर घातलेली आहेत. मला वाटलं टिकाऊपणासाठी असेल, पण काफ्काच्या ‘मेटामॉर्फसिस’च्या, म्हणजे सकाळी उठल्यावर किडा झालेल्या माणसाच्या कथेच्या, बाबतीत कारण वेगळं आहे. बाजारात त्या कथेच्या ज्या आवृत्त्या मिळतात त्यातल्या बऱ्याचशांवर भलंमोठं झुरळ नाहीतर ढालकिडा काढलेला असतो. आणि खुद्द काफ्कानं १९१५ साली, पुस्तक निघायच्या आधी, प्रकाशकाला पत्र लिहून कळवलं होतं की तो किडा काढू नका, लांबनंसुद्धा दाखवू नका. त्याऐवजी त्यानं सुचवलं होतं की आईबाप आणि ऑफिसचा मोठा कारकून बंद दारासमोर उभे आहेत असं काढा, किंवा उजेडातल्या खोलीत आईबाप आणि बहीण आणि शेजारच्या अंधाऱ्या खोलीचं दार उघडं. पहिल्या आवृत्तीवर मग तोंड झाकून दारापासून दूर जाणारा एक माणूसच आला, किडा नाही. काका प्रत्येक नव्या मेंबरला हे सांगतात आणि माझ्या मते त्या कथेवरची अर्धी चर्चा या एका गोष्टीत संपते. चित्रात किडा बघितला की आपण बाहेरनं त्याच्याकडं बघायला लागतो, ईऽऽ करतो. काफ्काला ते नको होतं. त्याला आपण दाराच्या आतल्या बाजूला पाहिजे होतो.

आता यात कोल्हापूरकर वाचकाची एक अडचण आहे आणि ती मी प्रेमानं सांगतोय. आपण खांडेकरांच्या गावचे. माझ्या आईच्या पिढीतल्या घराघरात खांडेकर वाचले गेलेत, त्यांची रूपककथा शाळेत धडा म्हणून असायची, आणि त्यामुळं आपल्याला कथा दिसली की ‘याचा अर्थ काय, हे कशाचं रूपक’ असं विचारायची सवय लागलीय. सवय वाईट नाही, त्या कथा तशाच वाचायच्या असतात, लेखक आपला हात धरून त्या अर्थापर्यंत घेऊन जातो. पण तीच सवय घेऊन काफ्काकडं गेलं की माणूस विचारत बसतो, किडा म्हणजे काय? गरिबी? आजार? बाप? आणि मग कथा हातातनं निसटते. मला विचाराल तर त्या कथेतली विचित्र गोष्ट किडा ही नाहीच. विचित्र गोष्ट अशी की ग्रेगोर साम्सा सकाळी उठतो, आपलं अंग असं झालंय हे बघतो, आणि त्याला काळजी कसली पडते तर पाचची गाडी चुकली याची! गजर चारचा लावलेला, घड्याळात साडेसहा वाजलेत, पुढची गाडी सातची, सॅम्पलची पेटी भरलेली नाही, साहेब ओरडणार. पाच वर्षांत एकदाही आजारी पडलो नाही तर आता आजारी म्हणून कळवलं तर संशय येईल असं तो पडल्यापडल्या, ते एवढेएवढे पाय हवेत हलत असताना विचार करतो. आणि सात वाजून जातात न जातात तोवर ऑफिसचा माणूस खरंच दारात हजर! हे वाचताना मला जे वाटलं ते कुठल्या प्रस्तावनेत मिळालं नसतं. आईबापाचं कर्ज फेडायला फिरतीची नोकरी करणारा पोरगा, बहिणीला संगीत शिकायला पाठवायचं मनात ठेवलेला, नाताळाला सगळ्यांना सांगणार होता तो. आणि तो कमवायचा बंद झाल्यावर घरातली माणसं वाईट नसतात हो, ती हळूहळू बदलतात, एवढंच. बाप बँकेत शिपायाची नोकरी धरतो, बहीण दुकानात लागते, घरात भाडेकरू येतात, आणि त्याची खोली अडगळीची होते. तो मेल्यावर तिघं ट्राममध्ये बसून गावाबाहेर फिरायला जातात, ऊन पडलेलं असतं. ते शेवटचं पान मला आजसुद्धा एकट्यानं वाचवत नाही.

बैठक का महत्त्वाची ते यावरनं कळेल. बैठकीत कथा मोठ्यानं वाचतात, सुरवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये कुणी बोलायचं नाही, मग चहा आणि मग बोलणं. आणि मोठ्यानं वाचल्यावर लोक हसतात! ऑफिसचा माणूस दाराबाहेरनं ग्रेगोरला लेक्चर देतो आणि आतनं तो आपल्या समजुतीनं व्यवस्थित उत्तर देतो पण बाहेरच्यांना नुसता जनावराचा आवाज येतो, तिथं अख्खी माडी हसली, आणि दोन मिनिटांत तीच माडी चिडीचूप. पहिल्यांदा येणाऱ्याला हे हसणं खटकतं, इतक्या दुःखी कथेला काय हसताय असं एक वहिनी म्हणाल्यासुद्धा. पण काफ्काचा मित्र माक्स ब्रोड यानंच लिहून ठेवलंय की काफ्का स्वतः मित्रांना ‘द ट्रायल’चं पहिलं प्रकरण वाचून दाखवत होता तेव्हा सगळे पोट धरून हसले आणि तो स्वतः इतका हसला की मधेमधे वाचताच येईना. म्हणजे ते हसू कथेतच आहे, एकट्यानं गंभीर तोंड करून वाचलं की ते सापडत नाही.

सगळ्यात जबरदस्त बैठक झाली ती ‘इन द पीनल कॉलनी’ची. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, काफ्काचीच, १९१४ मध्ये लिहिलेली आणि १९१९ ला छापून आलेली कथा आहे. एका बेटावर शिक्षेचं एक यंत्र आहे, ते गुन्हेगाराच्या अंगावर सुयांनी त्याचा गुन्हा कोरतं, बारा तास. गुन्हेगाराला आधी शिक्षा सांगत नाहीत, अंगावरच वाचायला मिळणार म्हणून. पाहुणा म्हणून आलेल्या एका प्रवाशाला तिथला ऑफिसर हे यंत्र दाखवतोय, आणि अर्धी कथा म्हणजे त्याचं यंत्राबद्दल बोलणं. आता उद्यमनगरात वर्कशॉप असलेले एक दादा नियमित येतात, वयानं साठीच्या पुढं, हाताची दोन बोटं आखूड झालेली, लेथ, प्लेनर, मिलिंग सगळं केलेलं. चहानंतर सगळे क्रौर्य, हुकूमशाही, पहिलं महायुद्ध असं मोठमोठं बोलत होते, ते ऐकून घेतल्यावर दादा बोलायला लागले. म्हणाले, “तुम्ही त्या ऑफिसरला नुसता राक्षस करून टाकलासा, पर त्याचं दुखणं काय हाय बघा की. चाक करकरतंय. पट्टा तुटतोय. नव्या साहेबाकडं पार्ट मागितला तर जुना तुकडा दाखव म्हणतोय, आन् धा दिवसानं जो पार्ट येतोय तो निकामी. हे माझं रोजचं हाय. मशीनवर जीव बसला की मशीन काय करतंय हे दिसायचं बंद होतंय मानसाला. मला बी झालतं.” आणि हात वर करून दाखवला. कुणी काही बोललं नाही बराच वेळ.

मग काकांनी सांगितलं ते मला माहीत नव्हतं आणि दादांनाही नव्हतं. काफ्का १९०८ पासून १९२२ पर्यंत प्रागमध्ये कामगारांच्या अपघात विमा संस्थेत नोकरीला होता, कायद्याचा डॉक्टर झालेला माणूस, आणि त्याचं काम म्हणजे कारखान्यांची धोक्यानुसार वर्गवारी करणं, मालकांची अपिलं बघणं, तपासणीला उत्तर बोहेमियातल्या कारखान्यांत जाणं. १९१० मध्ये त्यानं लाकूड रंधायच्या मशीनवरच्या अपघातांबद्दल एक लेख लिहिला, आकृत्यांसकट! चौकोनी शाफ्टमध्ये पातं आणि टेबल यांच्यात फट राहते, हात निसटला की बोटं त्या फटीत जातात, त्याऐवजी गोल शाफ्ट बसवा, सुरक्षितही आहे आणि स्वस्तही पडतो, असं. तुटलेल्या बोटांची चित्रंसुद्धा आहेत त्यात. दादा म्हणाले, “मग त्याला ठाऊकच हाय की सगळं.” इतकी नेमकी समीक्षा मी कुठल्याच मासिकात वाचलेली नाही, मनापासून सांगतो. आपण काफ्काला स्वप्नाळू, भुताटकीचं काहीतरी लिहिणारा समजतो आणि तो तर नोंदी ठेवणारा माणूस होता, त्याच्या कथेतलं यंत्र भयानक वाटतं ते धुकं घातल्यामुळं नाही, ते कसं चालतं हे तो नटबोल्टसकट सांगतो म्हणून.

काफ्काचीच ‘बिफोर द लॉ’ पण याच लायनीत वाचली, पानभराचीच आहे. खेडेगावचा माणूस कायद्याच्या दाराशी येतो, दरवान म्हणतो आत्ता नाही, मग तो वर्षानुवर्षं तिथंच स्टुलावर बसून राहतो, दरवानाला जवळचं सगळं देऊन बघतो, त्याच्या कोटाच्या कॉलरमधल्या पिसवांना पण विनंती करतो की तुम्ही तरी याचं मन वळवा. मरायच्या वेळी कळतं की ते दार फक्त त्याच्या एकट्यासाठी होतं, आणि आता ते बंद होणार. वारसाची नोंद सातबाऱ्यावर लागावी म्हणून एका कचेरीच्या बाकड्यावर लई दिवस घालवलेले राधानगरीकडचे एक आबा त्या दिवशी होते. ते एवढंच म्हणाले की “आपून बी कधी दार ढकलून बघितलं न्हाई, कारण दार उघडंच होतं. उघड्या दाराला काय ढकलायचं?” मी घरी येऊन पुन्हा वाचली, आणि खरंच, दार पहिल्या ओळीपासून उघडंच आहे.

काम्यूच्या ‘द गेस्ट’ला (१९५७च्या संग्रहातली) शाहूवाडीकडच्या वाडीवर शिकवणारे एक गुरुजी होते. अल्जीरियातल्या पठारावर एक शाळा, एकच मास्तर, बर्फामुळं पोरं येत नाहीत, दुष्काळात वाटायला सरकारनं दिलेल्या गव्हाच्या गोण्या शाळेतच रचलेल्या, फळ्यावर फ्रान्सच्या चार नद्या काढलेल्या. म्हातारा शिपाई एका अरब कैद्याला दोरी बांधून घेऊन येतो आणि म्हणतो याला पुढच्या ठाण्यावर पोचवायचं काम आता तुझं. मास्तर म्हणतो हे माझं काम नाही. गुरुजी तांदळाच्या गोण्या, निवडणूक, जनगणना, सर्व्हे सगळं केलेले, ते वाचनातच मान डोलवत होते. पण कथा तिथं थांबत नाही. मास्तर कैद्याला सोडतो, जेवू घालतो, खजूर, भाकरी, पैसे देतो, दोन वाटा दाखवतो, ही तुरुंगाची आणि ही सुटकेची, तू ठरव. कैदी तुरुंगाची वाट धरतो. आणि मास्तर परत येतो तर फळ्यावर त्या नद्यांच्या मधे कुणीतरी लिहिलंय की तू आमच्या भावाला पकडून दिलंस, याची किंमत मोजशील. त्यानं कुणाचीच बाजू घेतली नाही म्हणून तो सगळ्यांचाच परका झाला. काम्यूनं १९४२च्या आपल्या निबंधात म्हटलंय तसं, माणूस अर्थ मागत राहतो आणि जग गप्प राहतं, या दोन्हीच्या टकरीतनं ते अ‍ॅब्सर्ड, म्हणजे निरर्थकपण, तयार होतं, नुसत्या जगात नाही आणि नुसत्या माणसातही नाही. निबंध अवघड आहे, कथा नाही. आधी कथा, मग वाटलं तर निबंध, हा काकांचा क्रम शंभर टक्के बरोबर आहे.

आता मराठी बाजू. इथं काकांचा अभ्यास दिसतो. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला आपल्याकडं नवकथा आली, गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर, ‘सत्यकथा’ मासिक, हे शाळेत पाठ केलेलं असतं, पण परीक्षेपुरतं. इथं गंगाधर गाडगीळांच्या चाळीतल्या, ट्रामगाडीतल्या माणसांना काफ्काच्या शेजारी बसवून वाचलं की कळतं, आपल्याकडं हे एकटेपण बाहेरनं आयात झालेलं नव्हतं, गिरण्या, रेशनिंग, भाड्याच्या खोल्या आणि आठ-तेहतीसची लोकल यातनं ते आपलं आपण आलेलं होतं. विलास सारंगांचा ‘सोलेदाद’ (१९७५) पण आहे इथं, एकच प्रत, नंबर लावावा लागतो. तो संग्रह सगळ्यांना झेपेल असं नाही पण ज्याला काफ्का आवडला त्यानं सोडू नये.

आणि जीए. जीएंचा जन्म १९२३ चा, एकसंब्याचा. म्हणजे चिकोडी तालुक्यातलं, आपल्यापासनं तसं हाकेवरचं गाव. पुढं बरीच वर्षं नोकरी धारवाडला, कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, लोकांत फारसं मिसळायचे नाहीत. त्यांची ‘पिंगळावेळ’ (१९७७) मधली ‘स्वामी’ ही कथा काकांनी ‘मेटामॉर्फसिस’नंतर लगेच ठेवलीय आणि हा क्रम ज्यानं लावला त्याला माझा नमस्कार. प्रवासात अडकलेला एक साधा माणूस, त्याला मठात नेतात, आणि जमिनीखालच्या खोलीत कायमचं बंद करतात, पण छळ नाही, शिवी नाही, उलट सगळी सोय, मान, आदर, तो आता स्वामी आहे ना! ग्रेगोरच्या खोलीतनं एकेक सामान काढून घेतात, इथं सगळं आणून देतात, आणि कोंडणं तेच. फरक कुठं पडतो तर त्या वेलीपाशी. काफ्काचा माणूस आपल्या घरच्यांचा विचार करत विझतो, जीएंचा माणूस एका वेलीला वर उजेडाकडं चढवत राहतो. मला इथं आपली माती दिसते, हे मी अभिमानानं म्हणतो. तुटलेपण तेवढंच खोल आहे पण झाडापाल्याशी असलेलं नातं शेवटपर्यंत तुटत नाही. बैठकीत यावर खूप वाद झाला, एक इंजिनीअरिंगचा पोरगा म्हणाला सर वेल म्हणजे खोटी आशा आहे, ती वर पोचली तरी हा आतच. असेल. पण तिला पाणी घालणारा हात खोटा नाही ना.

आता तक्रारी. पहिली आणि सगळ्यात मोठी, लेखिका कमी. कॅथरीन मॅन्सफिल्डची ‘मिस ब्रिल’ (१९२०) सोडली तर कार्डावर बाईचं नाव दिसत नाही. ती कथा अप्रतिम आहे, प्रश्नच नाही, रविवारी बागेत बँड ऐकायला जाऊन बसणारी एकटी बाई, आजूबाजूच्यांची बोलणी ऐकत आपण पण या नाटकातलं एक पात्र आहोत असं समजणारी, आणि शेजारी बसलेली तरुण जोडी ही म्हातारी कशाला येते इथं म्हणते. दर रविवारी परत येताना घ्यायचा तो केकचा तुकडा त्या दिवशी ती घेत नाही. यात ना किडा ना यंत्र, तरी तेवढंच उपरं होणं. रंकाळ्याच्या कट्ट्यावर संध्याकाळी बसलेल्या एकट्या बायांकडं ही कथा वाचल्यापासून मी वेगळ्या नजरेनं बघतो. पण कमल देसाई कुठं आहेत? १९२८ चा जन्म, यमकनमर्डीचा, म्हणजे त्या पण इथल्याच, बेळगावच्या रस्त्यावरच्या. ‘हॅट घालणारी बाई’सारखं लेखन माडीवर नसणं हे मला पटत नाही, मी तोंडावर सांगितलंय. बाई एकटी पडते ते वेगळ्या तऱ्हेनं, घर भरलेलं असताना, आणि ते पुरुष लेखकांच्या कथांतनं पुरतं कळत नाही.

दुसरी, वेळ. बैठक साडेसातला सुरू होऊन साडेनऊच्या पुढं जाते, त्यामुळं बायका एकतर येत नाहीत किंवा चर्चा रंगात आली की उठून जातात. रविवारी सकाळी ठेवली तर दुप्पट माणसं येतील. तिसरी, जिना. लाकडी, खडा, आणि वरचा बल्ब मिणमिणता, वयस्कर माणसाला कुणीतरी हात द्यावा लागतो. पाणी मात्र माडीपर्यंत कधी आलेलं नाही, २०१९ च्या महापुरात शाहूपुरीच्या खालच्या भागात काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय, तेव्हा पुस्तकं वर आहेत हे एका अर्थी बरंच. चौथी, परदेशी कथांचे मराठी अनुवाद थोडे आणि प्रती झिजलेल्या, चिकटपट्टी लावलेल्या. बऱ्याच कथा इंग्रजीतनंच घ्याव्या लागतात, आणि ज्याला इंग्रजी जड जातं त्याला बैठकीवर अवलंबून राहावं लागतं. बैठकीत काका समोर इंग्रजी धरून तोंडानं मराठीत सांगत वाचतात, ते छानच असतं, पण घरी नेता येत नाही.

एक सूचना नव्या मेंबरना. उदास असताना एकदम जीएंचा अख्खा संग्रह घेऊ नका, काकाही देत नाहीत. हे वाचून माणूस खचतो असं मी अजिबात म्हणणार नाही, माझा अनुभव उलटा आहे, नोकरीत आपण नुसता नंबर झालोय असं वाटत असताना या कथांनी मला सोबत केलीय. पण एक कथा, मग चार दिवस मोकळे, मग दुसरी, असं घ्या. बसूदे आत.

जायचं असेल तर दुपारी चार ते रात्री आठ, सोमवारी बंद. डिपॉझिट रोख लागतं, पावती मिळते. गाडी गल्लीत लावू नका, ट्रॅफिकवाले उचलतात, बाहेर मेन रोडला लावून चालत या. बैठकीला साधारण पंचवीस माणसं बसतात, खुर्च्या बाराच आहेत, बाकीचे सतरंजीवर, तेव्हा गुडघे दुखणाऱ्यांनी सातलाच पोचा. आणि गेलात तर कार्डाच्या मागं सूचना लिहायला जागा आहे, तिथं कमल देसाईंचं नाव लिहा, मी लिहिलंय, अजून चार जणांनी लिहिलं तर दिवाळीनंतरच्या यादीत घेऊ असं काकांनी कबूल केलंय.